तान्ह्या पाहुण्याचे बिऱ्हाड

आमची एक नात बंगळूरास असते. कार्तिकातल्या एका लग्नासाठी ती पुण्यास यायची आहे आणि बरोबर तिचे पाच महिन्यांचे बाळ. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. मला वाटले गाडीची वेळ सांगेल, तर तिने विचारले, "आजोबा, तान्ह्या बाळाला घेऊन राहण्याजोगं चांगलं हॉटेल पुण्यात कुठलं? तुम्हांला सगळं पुणं ठाऊक आहे." शेवटचे वाक्य तिने मला बरे वाटावे म्हणून जोडले होते, पण आधीच्या वाक्याने व्हायचे ते होऊन चुकले होते. आजोबांचे घर पुण्यात असताना नात हॉटेलात उतरणार! मी "पाहतो" एवढेच म्हटले आणि फोन हिच्या हाती दिला. हिने पाच मिनिटांत सगळे समजून घेतले व मला सांगितले, "खरंच आहे तिचं. आपल्या दोन खोल्यांत लग्नाची नऊ माणसं. त्यात ते बाळ निजणार कुठे?"

रागावलेला पुणेकर एकतर वर्तमानपत्राला पत्र लिहितो, नाहीतर इतिहासात शिरतो. मी दुसरी वाट धरली. लेकुरवाळ्या बाईने पुण्यात उतरायचे कुठे, हा प्रश्न या शहरापुढे आजवर कसकसा आला आणि शहराने तो कसा सोडवला, किंवा सोडवलाच नाही, हे आठवू लागलो. आठवता आठवता राग बराचसा ओसरला. तो का ओसरला, ते सांगण्यासाठीच हा लेख.

आमच्याकडे तान्ह्या मुलाचा पहिला प्रवास ठरलेला असे. पहिलटकरीण माहेरी बाळंत होई आणि तिसऱ्या किंवा पाचव्या महिन्यात बाळंतविडा घेऊन सासरी निघे. बरोबर कुंच्या, दुपटी, लंगोटांचे गाठोडे, शेकायची शेगडी, वेखंड-मुरडशेंगेची पुरचुंडी आणि गुटी उगाळायची सहाण. कोकणातून देशावर यायचे तर बोरघाट चढावा लागे. घाटाचा गाडीरस्ता झाला १८३० साली. त्याआधी पालखी, डोली नाहीतर पाय. घाटाच्या तळाशी खोपोलीस नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ आहे. घाट चढण्यापूर्वी त्या पाण्यावर किती आयांनी लंगोट धुतले असतील त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. पाण्याकाठी देऊळ बांधणाऱ्याला प्रवाशाची गरज कळत होती, एवढे मात्र खरे.

आणि पुण्यात पोहोचल्यावर? पुण्यात उतरायचे ते नातलगाकडे. नातलग नसेल तर नातलगाच्या नातलगाकडे, तोही नसेल तर गावच्या माणसाकडे. माझ्या लहानपणी पाळण्याची कडी नसलेले माजघर मी पाहिले नाही. घरात मूल असो वा नसो, तुळईला कडी असे. मागच्या चौकात बंब पेटलेला असे, एखादी आत्या किंवा मामी बाळाला न्हाऊ घालायला पाय पसरून तयारच असे. आलेल्या लेकुरवाळीला "किती दिवस राहणार?" असे कोणी विचारत नसे. (विचारत नसत याचा अर्थ मनात येत नसे असा नव्हे. माझ्या एका मावशीची मजल तर पाहुणी ओसरीवरून खाली उतरायच्या आत तिने किती दूध लागवले याचा हिशेब मांडण्यापर्यंत होती.)

परंतु ही सोय ज्याला नातलग, त्याचीच. ज्याला पुण्यात कोणी नाही, त्याचे काय? येथे पुण्याचा एक विशेष ध्यानात घेतला पाहिजे. पुणे हे क्षेत्र नव्हे. नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर या ठिकाणी यात्रेकरू कुटुंबकबिल्यासह जाई, आणि तेथे त्याचे तीर्थोपाध्ये असत. उपाध्यांच्या घरी यजमानाच्या पिढ्यांची वही असे, तशीच यजमानासाठी खोली, चूल आणि पातेलीही असत. बायकामुले घेऊन उतरायचे ठिकाण म्हणून उपाध्याचे घर म्हणजे आपल्याकडचे खरेखुरे कुटुंबवत्सल हॉटेलच म्हणायचे. पुण्यास असे येणे कोणाचे? पेशवाईत श्रावणात पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात दक्षिणा घ्यायला ब्राह्मण जमत. ते सगळे पुरुष. दरबारात खेटे घालणारे वकील, कारकून, शिलेदार, तेही पुरुष. इंग्रजीत शाळा आणि कॉलेजे निघाली, १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८५ साली फर्ग्युसन. मग गावोगावचे विद्यार्थी आले, ते वार लावून जेवत आणि कोणाच्या तरी जिन्याखाली पथारी पसरत. पुण्यात येणारा परका माणूस हा पिढ्यान्‌पिढ्या एकटा पुरुष होता, आणि पुढे शहराने परक्यासाठी जे जे उभारले ते या एकट्या पुरुषाच्या मापाने बेतले.

या सगळ्यात एक घर वेगळे होते. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी गंज पेठेत बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. आपण शाळेत ते समाजसुधारणेच्या यादीतले एक कलम म्हणून पाठ केले. उतरण्याचे ठिकाण म्हणून आपण त्याकडे कधी पाहिलेच नाही. ते होते मात्र उतरण्याचेच ठिकाण. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला होता, तो कागदावर. प्रत्यक्षात एखाद्या तरुण विधवेला दिवस गेले की तिला माहेर नाही आणि सासरही नाही. ज्या नातलगांच्या जाळ्याचे मी आत्ता कौतुक केले, तेच जाळे तिच्या तोंडावर दार लावून घेई. मग आड, विहीर, नाहीतर जन्मलेल्या जिवाच्या गळ्यावर बोट. जोतीरावांनी शहरात जाहिराती लावल्या. त्यांचा आशय असा, की बायांनो, गुपचूप येथे या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचे की येथे ठेवायचे हे तुमच्या खुशीवर. माझ्या लेखी पुण्यात अनोळखी बाईला "मुलासकट ये" म्हणणारे हे पहिले दार. आत बाळंतिणीचे सगळे करायला सावित्रीबाई होत्या. शेगडी, गरम पाणी, जुनेर, आणि कोण-कुठली हे न विचारणे.

त्या घरी आलेल्या एका विधवेचा मुलगा फुले दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतला. तो यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेगने कहर केला तेव्हा त्याने हडपसरच्या बाजूस रोग्यांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याकडचे एक आजारी पोर पाठीवर घेऊन सावित्रीबाई त्या दवाखान्यात पोहोचल्या, त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. चौतीस वर्षांपूर्वी परक्यांच्या लेकरांसाठी उघडलेल्या दाराचा शेवट असा झाला. त्याबद्दल अधिक काही लिहिण्याची माझी योग्यता नाही.

योगायोग असा, की ज्या १८६३ साली ते घर उघडले त्याच साली बोरघाटातली आगगाडी पुरी झाली. त्याआधी पाच वर्षे गाडी पुण्याहून खंडाळ्यापर्यंत येई, घाट मात्र पालखीने नाहीतर तट्टावरून उतरावा लागे, आणि खाली पुन्हा दुसरी गाडी. तान्हे मूल घेऊन ही चढउतार करणाऱ्या बाईला १८६३ नंतर काय सुख वाटले असेल! आता ती मुंबईस बसली की पुण्यासच उतरणार. पण गाडीने प्रवास सोपा केला तसा उतरण्याचा प्रश्न अवघड केला. पूर्वी माणूस ओळखीच्या मुक्कामांवरून येई. आता तो अनोळखी शहरात रात्री-अपरात्री एकदम उतरू लागला. साहेबाची सोय लष्करात होती. नेपियरसारखी हॉटेले, आणि बाळाबरोबर आया. आपल्या लोकांसाठी धर्मशाळा. धर्मशाळेत छप्पर आणि पाणी मिळे, चूल आपली आपण मांडायची. बाळ रडले तर कोणी हटकत नसे, कारण सगळीच बाळे रडत असत.

मात्र धर्मशाळेच्या उंबऱ्यावर जात विचारली जाई. मुले घेऊन प्रवास करणे म्हणजे काय याची सर्वांत जिव्हारी लागणारी हकीकत मला वाटते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवली आहे, आणि तीत मुलांबरोबर वडीलधारे कोणी नाहीच. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव साताऱ्याहून भावाभाच्यांसह वडिलांना भेटायला निघाले. नवे कपडे, जरीच्या टोप्या. मसूर स्टेशनावर उतरले तर न्यायला कोणी आले नव्हते. जात कळताच गाडीवाला मिळेना. मिळाला तो दुप्पट भाड्याने, आणि गाडी मुलांनीच हाकायची या बोलीवर. रात्री जकात नाक्यापाशी मुक्काम पडला. जवळ फराळ भरपूर होता, पण पाणी कोणी देईना, म्हणून मुले उपाशी निजली. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात जो ठराव मंजूर करून घेतला तो आपण पाणवठ्यांचा ठराव म्हणून ओळखतो, पण त्यात विहिरींच्या जोडीला सार्वजनिक खर्चाच्या धर्मशाळाही होत्या. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती बाबासाहेबांच्या संस्थेच्या हवाली केली. १९५० च्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात हॉटेलांचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. नात मला "कुठलं हॉटेल" असे सहज विचारू शकते, त्या "कुठलं" या शब्दामागे एवढे सगळे आहे. तुमच्या-माझ्या पुष्कळ पणजोबांना तो शब्द उच्चारायची सोय नव्हती.

विसाव्या शतकात पुण्यात खानावळी आणि बोर्डिंगे निघाली. टिळक रस्त्यावरचे बादशाही बोर्डिंग १९३२ चे. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली, आणि १९३५ साली मूकपटांच्या जमान्यातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाऊस काढले. नाटक-सिनेमाच्या माणसांचे ते घरच झाले. पण एकंदरीत पुण्यातल्या लॉजचे माप तेच राहिले, एकटा पुरुष. भाड्याचा हिशेबच मुळी कॉटवर. "कॉट बेसिस" हा शब्द पुण्यात राहिलेल्या प्रत्येक ब्रह्मचाऱ्याने ऐकला आहे. तान्ह्या बाळाला कॉट लागत नाही, म्हणून लॉजच्या हिशेबी ते बाळ अस्तित्वातच नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. १९७१ साली मी सोलापुरास नोकरीला होतो. मुलगी चार महिन्यांची. तिला पुण्याच्या डॉक्टरांना दाखवायचे होते. रात्रीच्या गाडीने निघून सकाळी सदाशिव पेठेत भावाच्या वाड्यापाशी आलो, तर वहिनी दिंडी दरवाज्यातच उभ्या. "आत येऊ नका भावजी, धाकट्याला गोवर आलाय. कार्ड टाकलं होतं, मिळालं नाही का?" कार्ड मिळाले नव्हते. रिक्षा अजून उभी होती, तीत पुन्हा बसलो. पहिल्या लॉजने "फॅमिली घेत नाही" म्हणून सांगितले. दुसऱ्याच्या व्यवस्थापकाने "मूल रडतं का?" असा प्रश्न केला, आणि मी खरे उत्तर दिले. तिसऱ्या ठिकाणी तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. वहीत त्याने "इसम २" असे लिहिले. भिंतीवर पाटी होती, 'गरम पाणी सकाळी ६ ते ८. खोलीत कपडे धुऊ अगर वाळत घालू नयेत.' तेव्हा साडेआठ वाजले होते.

खोलीत दोन लोखंडी खाटा, एक टेबल आणि सदऱ्यापुरती खुंटी. झोळी बांधायला जागा नाही. हिने खाली गोधडी घालून मुलीला जमिनीवर निजवले. मी पाण्यासाठी खाली गेलो, तर व्यवस्थापकाने पाटीकडे बोट दाखवले. पलीकडे खानावळीचा भटारखाना होता. तेथला आचारी भाताचे आधण उतरवत होता. त्याने माझ्या हातातली बाळाची बाटली पाहिली आणि काही न बोलता एक तपेले चुलीवर ठेवले. पुढचे तीन दिवस दिवसातून चार वेळा तो ते तपेले ठेवी. त्याचे नाव मी विचारायला हवे होते, विचारले नाही. रात्री लंगोट पंख्याखाली खाटेच्या दांड्यांवर वाळत पडत, आणि पहाटे केर काढणारा येण्याआधी आम्ही ते गोळा करीत असू, चोरीचा माल असावा तसे. दुसऱ्या रात्री मुलगी दोन तास रडली. शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांनी सकाळी तक्रार केली. मी त्यांच्या जागी असतो तर मीही केली असती. तीच मुलगी आता आजी झाली आहे. बंगळूरच्या नातीची ती आई.

हे सगळे आठवल्यावर मी मुकाट्याने पिशवी उचलली आणि हॉटेले पाहायला बाहेर पडलो. चार दिवसांत सात पाहिली. पेठांत, डेक्कनवर, स्टेशनाजवळ आणि नदीपलीकडे. वाचकांपैकी कोणाची नात अशी यायची असेल, म्हणून काय पाहिले ते सांगतो. पहिली गोष्ट, गरम पाणी. आता बहुतेक ठिकाणी ते चोवीस तास असते, पण "असते" हे उत्तर न मानता मी प्रत्येक ठिकाणी नळ सोडून पाहिला. एका ठिकाणी पाणी तापायला बारा मिनिटे लागली. दुसरी, खोली हाती येण्याची वेळ. दुपारी बारा नाहीतर दोन असे छापलेले असते आणि रेल्वे माणसाला पहाटे साडेपाचला आणून टाकते. बाळाला मध्ये सहा तास दिवाणखान्यात कसे बसवायचे? हे आधी फोनवर ठरवून घ्यावे. तिसरी, आवाज. लग्नसराईत हिरवळ असलेले हॉटेल दिवसा फार सुंदर दिसते. रात्री त्याच हिरवळीवर वरात असते. पेठांतल्या हॉटेलांत दुचाक्यांचे भोंगे माजघरापर्यंत येतात, तेव्हा मागच्या बाजूची खोली मागावी. गच्चीच्या कठड्याचे गज किती अंतरावर आहेत ते पाहावे. पाच महिन्यांच्या बाळाला त्याने काही होत नाही, पण रांगते-चालते भावंड बरोबर असेल तर होते.

निजण्याच्या बाबतीत मला नवे शिकावे लागले. मी प्रत्येक ठिकाणी मऊ गादी आहे ना, भरपूर उशा मिळतील ना, असे विचारत होतो. नातीने फोनवर माझी शिकवणी घेतली. तान्ह्या बाळाला घट्ट, सपाट गादीवर उताणे निजवावे, जवळ उशी किंवा लोड ठेवू नये, हॉटेलच्या मोठ्या मऊ पलंगावर तर मुळीच नाही, असे डॉक्टर सांगतात. म्हणून बाळाची कठड्याची खाट मिळते का, आणि तिची गादी कशी आहे, हे विचारायचे. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज बाळाला काही द्यायचे नाही. गुटी नाही, मध तर वर्षापर्यंत नाही. हे ऐकून हिने सहाणेकडे पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. आमच्या माजघराचे मी वर जे कौतुक केले त्यातले थोडे वाचकांनी वजा करून घ्यावे. कडी चांगली होती, बंब चांगला होता. मामीच्या बोटावरचा मध तितका चांगला नव्हता.

सातांपैकी सहा ठिकाणी मला आदराने वागवले आणि छापील पत्रक हाती दिले. सातव्या ठिकाणी पत्रक नव्हते. हॉटेल लहान, लिफ्ट जुनी. व्यवस्थापक मुलगी तिशीची असेल. मी नळ सोडून उभा असताना तिने विचारले, "बाळ किती महिन्यांचं आहे, काका?" पाच म्हटल्यावर म्हणाली, "मग दुसऱ्या मजल्यावरची मागची खोली घ्या. स्वयंपाकघर त्याच जिन्यावर आहे. रात्री काही लागलं तर मुलगा तिथंच झोपतो." कठड्याची खाट त्यांच्याकडे एकच होती. ती तिने माझ्यासमोर उघडून दाखवली. एक चाप सैल होता, तो उद्या दुरुस्त करून घेते म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. चाप नवा बसवला होता. तेव्हा तेथेच आगाऊ रक्कम भरली.

नात दिवसा आमच्याकडे असेल, रात्री बाळ घेऊन तिकडे जाईल, असे ठरले आहे. आमच्या दारापासून त्या हॉटेलच्या दारापर्यंत माझ्या पावलाने बारा मिनिटे लागतात. वाटेत एकदा मोठा रस्ता ओलांडावा लागतो, तेथे दिवा आहे. रात्री त्या वाटेवर उजेड कितपत असतो, ते पाहायला मी परवा साडेनऊला पुन्हा जाऊन आलो. हीही बरोबर आली होती.